अमेरिकेतले १५८ दिवस आणि दोन नोकऱ्यांमधले ७३ दिवस : अल्पमुदतीच्या आरोग्य विम्याचा अनुभव

डिसेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात आमच्या घरात तीन वेगवेगळ्या आरोग्य विमा पॉलिसी घेतल्या गेल्या. पहिली, लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाताना कोल्हापुरातून घेतलेली भारतीय कंपनीची परदेश प्रवास पॉलिसी. दुसरी, मुक्काम वाढला तेव्हा तिथेच घेतलेली अमेरिकी कंपनीची पाहुण्यांसाठीची पॉलिसी. आणि तिसरी, धाकट्या मुलाने कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील नोकरी सोडल्यानंतर पुण्याची नवी नोकरी सुरू होईपर्यंतच्या काळासाठी घेतलेली वैयक्तिक मेडिक्लेम पॉलिसी. तिन्हींचा प्रत्यक्ष उपयोग करण्याची किंवा उपयोग होत नाही हे अनुभवण्याची वेळ आमच्यावर आली, त्यामुळे केवळ माहितीपत्रके वाचून जे कळत नाही असे काही इथे सविस्तर लिहिता येईल असे वाटते. कंपन्यांची नावे मी देत नाही. ज्या अटींबद्दल लिहिते आहे त्या थोड्याफार फरकाने बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत सापडतात, आणि वाचकांनी आपली पॉलिसी उघडून त्याच जागी बोट ठेवून पाहावे एवढीच अपेक्षा आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या पॉलिसीचे काम कोल्हापुरात राजारामपुरीतील एका विमा सल्लागाराच्या कार्यालयातून झाले. हा सल्लागार माझा जुना विद्यार्थी असून अजूनही मला ‘बाई’ म्हणतो, म्हणून त्याच्याबद्दल लिहिताना माझा कल त्याच्या बाजूने झुकण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगून ठेवते. त्याच्या कार्यालयाचा सर्वांत मोठा गुण असा की तो पॉलिसीची संपूर्ण अटींची प्रत विकत घेण्याआधी हातात देतो. बहुतेक ठिकाणी दोन पानांचे रंगीत पत्रक मिळते आणि चाळीस-पन्नास पानांची खरी पॉलिसी पैसे भरल्यावर ई-मेलने येते. मी शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवले, तरीही विम्याची भाषा मला दोनदा-तीनदा वाचल्याशिवाय उमगली नाही. त्या दोन संध्याकाळी त्याने न कंटाळता आमच्यासाठी दिल्या.

प्रवास पॉलिसी घेताना पहिला प्रश्न विमा रकमेचा येतो. युरोपातील शेंगेन देशांना, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांना, जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न सोपा असतो, कारण तिथे व्हिसासाठीच किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण, तेही सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांसाठी लागू असलेले, दाखवावे लागते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी विम्याची सक्तीच नाही. त्यामुळे आपल्याकडील अनेक आईवडील एकतर विम्याशिवाय जातात किंवा विमान तिकिटाबरोबर मिळणाऱ्या स्वस्तातल्या पॉलिसीवर समाधान मानतात. आम्ही प्रत्येकी एक लाख डॉलरची पॉलिसी घेतली. दोघांचा मिळून १२० दिवसांचा हप्ता एकेचाळीस हजार रुपयांच्या आसपास होता. माझे वय तेव्हा ५९ होते आणि यजमानांचे ६३, आणि हा चार वर्षांचा फरक पुढे किती महागात पडणार आहे याची कल्पना पैसे भरताना मला नव्हती.

साठी ओलांडलेल्या प्रवाशांसाठी अनेक भारतीय प्रवास पॉलिसींमध्ये सब-लिमिट असतात, म्हणजे एकूण विमा रक्कम एक लाख डॉलर असली तरी खोलीचे भाडे, अतिदक्षता विभाग, डॉक्टरांची तपासणी, शस्त्रक्रिया, निदानाच्या चाचण्या अशा प्रत्येक खर्चाला स्वतंत्र कमाल मर्यादा घातलेली असते. ही मर्यादा पॉलिसीच्या पहिल्या पानावर नसते. आमच्या पॉलिसीत ती अगदी शेवटी जोडलेल्या तक्त्यात होती आणि तिथेही ‘वय वर्षे ६१ व त्यापुढील विमाधारकांसाठी’ अशा बारीक अक्षरांतील शीर्षकाखाली होती. सल्लागाराने ती दाखवली होती, आणि सब-लिमिट नसलेली दुसरी योजनाही पुढे ठेवली होती, जिच्यासाठी यजमानांच्या हप्त्यात सुमारे नऊ हजार रुपये जास्त द्यावे लागले असते. “बाई, अमेरिकेला जाताय तर हे नऊ हजार वाचवू नका,” असे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले होते. आम्ही वाचवले. तो निर्णय सर्वस्वी आमचा होता.

दुसरी एक गोष्ट मात्र मी पकडली आणि तिचे समाधान आजही वाटते. आमचे विमान मुंबईहून ९ डिसेंबरच्या पहाटे १ वाजून ४० मिनिटांनी सुटणार होते. कोल्हापूरहून आम्ही ८ तारखेला सकाळी निघणार, म्हणून अर्जात प्रवासाची सुरुवात ८ डिसेंबर अशी भरली गेली. परदेश प्रवास पॉलिसीतील वैद्यकीय संरक्षण भारताबाहेर पडल्यावरच उपयोगाचे असते, त्यामुळे ८ तारखेचा पूर्ण दिवस वाया जाऊन १२० दिवस ६ एप्रिललाच संपले असते. अर्ज दुरुस्त करून घेतला आणि मुदत ९ डिसेंबर ते ७ एप्रिल अशी झाली. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांच्या बाबतीत ही चूक सहज होते, आणि उलट दिशेने झाली, म्हणजे सुरुवात एक दिवस उशिराची धरली गेली, तर पहिला दिवस विम्याशिवायच जातो.

१९ फेब्रुवारीच्या रात्री न्यू जर्सीत यजमानांच्या डाव्या कुशीत अचानक तीव्र कळ सुरू झाली. मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे आणि तिची नोंद अर्जात केलेली होती. तोपर्यंत लेकीने मला तिथली व्यवस्था समजावून सांगितली होती की साधा ताप, खोकला, किरकोळ जखम अशा कारणांसाठी ‘अर्जंट केअर’ नावाच्या दवाखान्यात जायचे, तिथला खर्च आटोक्यात राहतो, आणि जिवावर बेतेल असे काही वाटले तरच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचे. पण रात्री दोन वाजता अर्जंट केअर बंद असते आणि कळा येणाऱ्या माणसाला सकाळपर्यंत थांबा म्हणणे शक्य नसते. तिथल्या १९८६ च्या कायद्यामुळे आपत्कालीन विभागाला रुग्णाची ऐपत किंवा विमा न पाहता आधी तपासणी करून प्रकृती स्थिर करावी लागते, त्यामुळे दारात कोणी अनामत रक्कम मागितली नाही. सीटी स्कॅन झाले, मूत्रवाहिनीत अडकलेला छोटा मुतखडा निघाला, सलाइनमधून वेदनाशामक औषध दिले आणि आठ तासांनी घरी सोडले. प्रतीक्षा कक्षात बसूनच मी पॉलिसीवर छापलेल्या सहाय्य कंपनीच्या क्रमांकावर फोन करून घटना नोंदवली आणि प्रकरण क्रमांक लिहून घेतला. हा फोन चोवीस तासांच्या आत करावा अशी आमच्या पॉलिसीत अट होती, आणि पलीकडून बोलणारी मुलगी शांतपणे, हिंदीत, प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगत होती. या सेवेला मी पूर्ण गुण देईन.

त्यानंतरचे अडीच महिने मात्र तितके सोपे गेले नाहीत. अमेरिकेत एका रात्रीच्या उपचारांचे एक बिल येत नाही. रुग्णालयाचे वेगळे, आपत्कालीन विभागातील डॉक्टरांच्या गटाचे वेगळे आणि सीटी स्कॅन वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचे वेगळे, अशी तीन बिले तीन वेगवेगळ्या आठवड्यांत टपालाने आली. ५,३२०, १,२८० आणि ५४० असे एकूण ७,१४० डॉलर झाले. पहिली कागदपत्रे पाठवल्यावर विमा कंपनीकडून जो प्रश्न आला तो मी कधीही विसरणार नाही, कारण सगळा दावा त्याच्यावर टांगलेला होता. मुतखडा हा आजार पॉलिसी घेण्याआधीपासून होता का, आणि असल्यास त्याचे निदान कधी झाले?

निदान झाले होते. कोविडच्या दिवसांनंतर करून घेतलेल्या सर्वसाधारण तपासणीत सोनोग्राफीमध्ये डाव्या मूत्रपिंडात चार मिलिमीटरचा खडा दिसला होता, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या असे सांगितले होते आणि त्रास काहीच नसल्याने आम्ही दोघेही ते विसरून गेलो होतो. आता ते लपवायचा विचार क्षणभरही मनात आला नाही, पण दावा गेला असे मात्र वाटले. मग मी पॉलिसीतील व्याख्या पुन्हा वाचली. आमच्या पॉलिसीत ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान झाले आहे किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला अथवा उपचार घेतला आहे असा आजार, असे लिहिले होते. भारतातल्या नेहमीच्या आरोग्य पॉलिसींना विमा नियामकाने २०२४ पासून हीच ३६ महिन्यांची कमाल चौकट घातली आहे, पूर्वी ती ४८ महिन्यांची होती. प्रवास पॉलिसीत मात्र ही व्याख्या कंपनीनुसार बदलते, काही ठिकाणी ‘केव्हाही झालेला आजार’ अशी सरसकट भाषाही आढळते, म्हणून ती आपल्या प्रतीतच वाचली पाहिजे.

मुलाला फोन करून कोल्हापूरच्या घरातील लोखंडी कपाटातून सोनोग्राफीचा अहवाल शोधायला लावला. त्याच्यावरची तारीख १७ सप्टेंबर २०२१ होती. पॉलिसी सुरू झाली ९ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे मध्ये ३८ महिने आणि तीन आठवडे गेले होते, आणि त्या काळात मुतखड्यासाठी एकदाही डॉक्टरांकडे गेलेलो नव्हतो. अहवालाचे छायाचित्र, आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांचे पत्र आणि व्याख्येचा पान क्रमांक असे सगळे मी एका पत्रासोबत पाठवले. तीच सोनोग्राफी चार महिन्यांनी, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये झाली असती, तर त्याच खड्याचा, त्याच कळांचा दावा सरळ नामंजूर झाला असता किंवा फक्त जीव वाचवण्यापुरत्या उपचारांच्या तुटपुंज्या मर्यादेत बसवला गेला असता. आपण पॉलिसी घेताना लाखांचे आकडे पाहतो. प्रत्यक्षात आमचे भवितव्य एका कागदाच्या कोपऱ्यातील तारखेने ठरवले, आणि पुढच्या दोन्ही पॉलिसींच्या बाबतीतही हेच घडले.

उत्तरासाठी वाट पाहावी लागली. पाच आठवडे काहीच कळेना तेव्हा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ई-मेल लिहिला आणि विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवली. तिथेही दाद मिळाली नसती तर पुढचा टप्पा विमा लोकपालांचा होता. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो आणि तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही. तशी वेळ आली नाही. ६ मे रोजी दावा मंजूर झाला. मात्र मंजूर रक्कम होती ४,६५० डॉलर. पहिले १०० डॉलर आपण भरायचे, ज्याला पॉलिसीत डिडक्टिबल म्हणतात, ते वजा झाले हे योग्यच होते. उरलेली कपात त्या शेवटच्या तक्त्यातील सब-लिमिटमुळे झाली होती. आमच्या वाट्याला राहिलेल्या २,४९० डॉलरबाबत लेकीने रुग्णालयाच्या बिल विभागाशी बोलून खर्चाचा तपशीलवार तक्ता मागवला, एकरकमी भरण्याच्या अटीवर सवलत मागितली आणि अखेर १,७०० डॉलरवर काम भागले. नऊ हजार रुपये वाचवण्यासाठी आम्ही मोजलेली ही किंमत आहे. त्या रात्री यजमानांच्या जागी मी आजारी पडले असते, तर त्याच पॉलिसीत, केवळ माझे वय ५९ असल्यामुळे, १०० डॉलर सोडून सगळे पैसे मिळाले असते.

म्हणून भारतीय प्रवास पॉलिसीबद्दल माझे मत दोन भागांत सांगावे लागेल. साठीच्या आतील, निरोगी माणसासाठी ती किमतीच्या मानाने फार चांगली आहे. आपल्या भाषेत बोलणारी माणसे, रुपयांत हप्ता आणि परत आल्यावरही दाद मागण्याची सोय हे तिचे मोठे फायदे आहेत. साठीच्या पुढे मात्र सब-लिमिट नसलेली योजना मिळत असेल तरच ती घ्यावी. सब-लिमिट असलेली पॉलिसी अमेरिकेसाठी घेणे मी यापुढे कोणालाही सुचवणार नाही.

आता मुक्काम वाढण्याविषयी. अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्यांनी आम्हाला नेहमीप्रमाणे सहा महिन्यांच्या वास्तव्याची परवानगी दिली होती, पण विमा होता चारच महिन्यांचा. एप्रिलमध्ये जावई नोकरी बदलणार असे ठरले आणि बाळ जेमतेम तीन महिन्यांचे असताना आम्ही निघून जाणे कोणालाच योग्य वाटेना. पॉलिसीची मुदत वाढवून घेता येते, असे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होते. ती मुदत संपण्यापूर्वी अर्ज करावा लागतो, प्रकृती चांगली असल्याचे घोषणापत्र द्यावे लागते आणि वाढ देणे न देणे कंपनीच्या मर्जीवर असते, विशेषतः आधीच्या मुदतीत दावा झालेला असेल तर, हे मात्र आतल्या पानांत होते. मी २४ मार्चला अर्ज केला. माझी मुदत वाढली, यजमानांची नाकारली. कारण अर्थातच फेब्रुवारीतील दावा हे होते. ज्याला विम्याची गरज सर्वांत जास्त त्यालाच तो मिळू नये ही अट मला अन्यायाची वाटते आणि ती विकत घेताना ठळकपणे सांगितली गेली पाहिजे. आमच्या सल्लागाराच्याही हे लक्षात राहिले नव्हते. सहा महिन्यांच्या वास्तव्याची शक्यता असेल तर सुरुवातीलाच १८० दिवसांची पॉलिसी घ्यावी आणि लवकर परतल्यास न वापरलेल्या दिवसांबाबत कंपनीचा नियम काय आहे ते आधी विचारून ठेवावे, असे आता तो प्रत्येकाला सांगतो.

शेवटी दोघांसाठी ८ एप्रिल ते १५ मे अशा ३८ दिवसांची अमेरिकी पॉलिसी तिथेच घेतली. (माझी वाढीव मुदत मी स्वीकारली नाही, कारण दोघांच्या दोन कंपन्या सांभाळणे मला नको होते.) अमेरिकेत पोचल्यानंतरही अशी पॉलिसी घेता येते आणि भारतात बसूनही घेता येते. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एका प्रकारात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, उदाहरणार्थ डॉक्टरांच्या एका भेटीला अमुक डॉलर, आणि वरचा सगळा खर्च आपला. हप्ता कमी असतो, पण तिथल्या बिलांचे आकडे पाहता ही योजना आमच्या सब-लिमिटचीच बहीण आहे. दुसरा प्रकार ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणून ओळखला जातो. त्यात आपण डिडक्टिबल भरल्यानंतर ठरावीक टक्केवारीने किंवा पूर्णपणे खर्च मिळतो आणि कंपनीच्या जाळ्यातील रुग्णालये बिल थेट कंपनीकडे पाठवतात. आम्ही दुसरा प्रकार घेतला, एक लाख डॉलर संरक्षण आणि २५० डॉलर डिडक्टिबल, दोघांचे मिळून साडेतीनशे डॉलरच्या आत. दिवसाच्या हिशेबाने हा हप्ता भारतीय पॉलिसीच्या जवळपास दुप्पट होता.

या पॉलिसीत यजमानांचा मुतखडा आणि रक्तदाब दोन्ही आधीपासूनचे आजार ठरणार हे उघड होते. अमेरिकी पॉलिसींमध्ये अशा आजारांसाठी ‘अक्यूट ऑनसेट’ नावाची सोय असते : जुना आजार कोणतीही पूर्वसूचना न देता अचानक उफाळला आणि ठरावीक तासांच्या आत, बहुतेक ठिकाणी चोवीस, उपचार सुरू केले, तर त्याचा खर्च मिळतो. मात्र हळूहळू वाढत गेलेला त्रास, आधी ठरलेली तपासणी किंवा नेहमीची औषधे यांना ती लागू नसते, आणि वयाची विशिष्ट मर्यादा ओलांडल्यावर, अनेक योजनांत सत्तरीनंतर, ती काढून घेतली जाते किंवा फार कमी केली जाते. आम्हाला ती वापरावी लागली नाही. म्हणून या पॉलिसीच्या दाव्यांबद्दल मी मत देत नाही. अटींची भाषा आपल्याकडच्यापेक्षा सुटसुटीत होती आणि खरेदीला पंधरा मिनिटे लागली, एवढेच स्वानुभवाने सांगू शकते.

जावयांची गोष्ट इथे थोडक्यात सांगते, कारण तिच्यामुळेच पुढे मुलाच्या वेळी काय हुकले ते मला नीट कळले. त्यांची जुनी नोकरी ११ एप्रिलला संपली आणि कंपनीचा विमाही त्याच दिवशी संपला. नवी नोकरी ५ मेला सुरू होणार होती. मधले २३ दिवस तीन महिन्यांचे बाळ घरात असताना विम्याशिवाय काढायचे या कल्पनेने मी अस्वस्थ झाले. तेव्हा त्यांनी सांगितले की तिथे ‘कोब्रा’ नावाची कायदेशीर तरतूद आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसाला तोच विमा साधारणपणे १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. हप्ता पूर्ण स्वतः भरावा लागतो, कंपनीचा वाटाही आपलाच आणि वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च, म्हणून तो महाग पडतो. पण निर्णय घ्यायला ६० दिवस मिळतात आणि त्या काळात निर्णय घेतला तर संरक्षण मागच्या तारखेपासून, विमा संपला त्या दिवसापासून, लागू होते. जावयांनी अर्ज तयार करून टेबलावर ठेवला. बाळ आजारी पडले असते तर भरून पाठवला असता. तशी वेळ आली नाही आणि एक डॉलरही खर्च झाला नाही. दोन नोकऱ्यांमधल्या दिवसांची एवढी बारीक काळजी घेणारी तरतूद पाहून मला त्या कायद्याचे कौतुक वाटले.

आपल्याकडे अशी मागच्या तारखेपासून लागू होणारी सोय नाही, आणि त्याचा फटका मुलाला बसला. तो ३१ जुलै २०२५ रोजी नोकरीतून मुक्त झाला. त्या दिवशी त्याला भविष्य निर्वाह निधीचे कागद, अनुभवाचे पत्र, शेवटच्या पगाराचा हिशेब असे सगळे व्यवस्थित मिळाले. कंपनीचा गट विमा आजपासून बंद झाला, हे कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. ‘दोन-तीन महिन्यांपुरता मेडिक्लेम’ घ्यावा म्हणून तो १२ ऑगस्टला राजारामपुरीत गेला, तेव्हा सल्लागाराने त्याला खरी परिस्थिती सांगितली. भारतात रहिवाशांसाठी दोन-तीन महिन्यांची सर्वसाधारण आरोग्य पॉलिसी सहसा मिळत नाही. २०२० मध्ये ‘कोरोना कवच’ ही पॉलिसी साडेतीन, साडेसहा आणि साडेनऊ महिन्यांच्या मुदतीने आली होती, पण ती एकाच आजारासाठी होती. म्हणून वर्षाची वैयक्तिक पॉलिसीच घ्यावी आणि पुढे चालू ठेवावी. मुलाने पाच लाखांची पॉलिसी घेतली. सल्ला योग्य होता. बारा दिवस उशीर झाला होता.

नव्या आरोग्य पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिल्या ३० दिवसांचा प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे त्या दिवसांतील आजाराचा खर्च मिळत नाही. २७ ऑगस्टला घरी गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी मुलाला ताप भरला. ३० तारखेला प्लेटलेट खाली आल्या म्हणून त्याला रुग्णालयात दाखल केले, निदान डेंग्यूचे झाले, आणि गौरी आल्या त्या दिवशी मी डबा घेऊन दवाखान्यात होते. बिल ४३,६०० रुपये झाले आणि पॉलिसीचा तो एकोणिसावा-विसावा दिवस असल्यामुळे त्यातला एक रुपयाही मिळणार नव्हता. कंपनीने दावा नाकारला त्यात तिची काही चूक नाही, नियम स्पष्ट होता.

पण एक मार्ग होता, आणि तो मला सर्वांत जास्त लोकांपर्यंत पोचवावासा वाटतो. गट विम्यातून बाहेर पडणाऱ्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि गटात काढलेल्या काळाचे श्रेय प्रतीक्षा कालावधीसाठी मिळते. मुलगा त्या गटात चार वर्षे होता. नोकरीचा शेवटचा दिवस येण्यापूर्वीच त्याने स्थलांतराचा अर्ज केला असता, आणि कंपनीने तो स्वीकारला असता, तर ३० दिवसांची अट पुन्हा नव्याने लागली नसती. राजीनामा दिल्यापासून मोकळे होईपर्यंत त्याच्या हातात पूर्ण एक महिना होता. राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाने मनुष्यबळ विभागाकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : गट विमा कोणत्या तारखेला संपतो, विमा कंपनी व पॉलिसी क्रमांक काय, आणि आपण किती वर्षे अखंड त्या गटात होतो. शेवटचा कागद नसेल तर श्रेय सिद्ध करताना फार त्रास होतो.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि जे राज्य कामगार विमा योजनेत (ईएसआय) आहेत, अशा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील कामगारांनी मात्र नोकरी सुटताच आपले कार्ड निरुपयोगी झाले असे समजू नये. त्या योजनेत वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ वेगळे असतात. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या सहा महिन्यांच्या वर्गणीवर पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनचा लाभ अवलंबून असतो, त्यामुळे पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर नोकरी सुटल्यानंतरही लाभाचा काळ शिल्लक असू शकतो. शाखा कार्यालयात जाऊन आपल्या तारखा तपासून घ्याव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीही राज्यातील कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार यादीतील रुग्णालयांत मिळतात. ही सोय नोकरीवर अवलंबून नाही, पण ठरावीक उपचारांपुरती आणि ठरावीक रुग्णालयांपुरती आहे, म्हणून दाखल होण्यापूर्वी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटणे आवश्यक असते. आम्ही मुलाला घाईत जवळच्या रुग्णालयात नेले, ते यादीत आहे की नाही हे विचारायचे सुचलेही नाही.

मुलाची पॉलिसी आम्ही बंद केली नाही. १३ ऑक्टोबरला तो पुण्यात रुजू झाला आणि त्याला तिथला गट विमाही मिळाला, तरी ही स्वतःची पॉलिसी चालू ठेवायची असे त्याने ठरवले आहे, म्हणजे पुढची नोकरी सोडताना हा ३० दिवसांचा प्रश्न उरणार नाही. गेल्या वर्षी हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरावा लागला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसींवरील हा कर शून्य झाल्यामुळे ऑगस्टच्या नूतनीकरणाला तेवढी रक्कम वाचेल.

या वर्षअखेरीस पुन्हा अमेरिकेला जाण्याचा आमचा विचार आहे आणि राजारामपुरीतील त्याच कार्यालयातून पॉलिसी घ्यायची हे नक्की आहे. मात्र यजमानांचा मुतखडा आता १९ फेब्रुवारी २०२५ च्या तारखेने कागदावर आला असून ३६ महिन्यांच्या व्याख्येनुसार फेब्रुवारी २०२८ पर्यंत तो आधीपासूनचा आजार राहील. तेव्हा सल्लागारामार्फत दोन भारतीय आणि एका अमेरिकी कंपनीला मी तीन प्रश्न लेखी पाठवले आहेत : या खड्याची अचानक कळ आली तर किती रकमेपर्यंत खर्च मिळेल, यजमानांच्या वयामुळे सब-लिमिट लागू होतील का, आणि मुदतीत दावा झाला तरी पॉलिसी वाढवून मिळेल का. आतापर्यंत एकाच कंपनीचे उत्तर आले आहे, आणि त्यात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. ते मागणारे दुसरे पत्र काल पाठवले.